मिठाच्या गोदामातलं नाट्यगृह

बायकोच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की आवाजाच्या नसेला धक्का लागू शकतो. तो लागला. थायरॉइडची गाठ निघाली, ती साधी निघाली, सगळ्यांनी पेढे वाटावेत असा रिपोर्ट आला, पण दोन स्वरतंतूंपैकी एक हलेनासा झाला. आवाज गेला नाही. बारीक झाला आणि त्याच्यात हवा मिसळली. आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं की बोला, रोज बोला, पण ताण देऊन, ओरडून कधीही बोलू नका.

हे एखाद्या गप्प बसणाऱ्या बाईच्या वाट्याला आलं असतं तर निभावलं असतं. माझी बायको नाटकातली. ती उरणकडच्या एका कोळीवाड्यातली. वडील गावच्या नाटकात राजाचं काम करायचे आणि होडीवरही राजासारखेच बोलायचे. लग्न होऊन ती पनवेलला आली आणि हौशी रंगभूमीवर तीस वर्षं उभी राहिली. तिची जाहिरात म्हणजे तिचा आवाज. मी मात्र ड्राफ्ट्समन. जन्मभर एका कार्यालयात बसून दुसऱ्यांच्या इमारतींचे जिने आणि गटारं काढली, आणि तिच्या नाटकांना शेवटच्या रांगेत बसलो, कारण पुढचे पास पाहुण्यांना जायचे.

ऑपरेशननंतर सहा-सात महिन्यांनी खांदा कॉलनीतल्या आमच्या सोसायटीच्या गणपतीत तिनं एक स्वगत करायचं ठरवलं. कॉलर माइक लावला. माइकला शब्दापेक्षा श्वासच जास्त आवडला. कुकरची शिटी गळत असावी तसं सगळ्या मांडवात ऐकू येऊ लागलं. तिनं दोन वाक्यं म्हटली, प्रेक्षकांना नमस्कार केला आणि खाली उतरली. घरी आल्यावर म्हणाली, "माइकवर आता नाही. आणि माइकशिवाय तर कोणी उभंच करत नाही. संपलं."

त्यानंतर ती घरातही कमी बोलू लागली. एखादं वाक्य सुरू करायची, मी "काय?" म्हणायचो, ती पुन्हा म्हणायची, मी पुन्हा "काय?" म्हणायचो, मग ती हात झटकून "जाऊ दे" म्हणायची. मला वाटायचं, खचली आहे. खचलेल्या माणसाशी काय बोलायचं हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं. मी वाचनालयात जाऊन बसायला लागलो.

असं वर्ष गेलं. मग तिथं एका जाडजूड संदर्भग्रंथात मला प्राचीन नाट्यगृहाचा प्लॅन सापडला. प्लॅन दिसला की मी थांबतो, ही सवय. लांबट चौकोन. त्याचे दोन सारखे भाग: पुढचा अर्धा प्रेक्षकांचा, मागचा अर्धा नटांचा. नटांच्या अर्ध्याचे पुन्हा दोन तुकडे, एकात रंगमंच आणि अगदी मागे रंगायचं-नेसायचं दालन, म्हणजे नेपथ्य. नटांना प्रेक्षकांइतकीच जागा! आमच्याकडे आजही मेकअपची खोली शौचालयाशेजारी काढतात आणि आर्किटेक्ट म्हणतो, बजेट नाही. मी त्या दिवशी तो प्लॅन वहीत उतरवून आणला आणि पुढचे चार महिने माझ्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही.

नाट्यगृह मुळात का बांधलं, याची एक जुनी कथा आहे. म्हणे पहिलं नाटक उघड्यावर झालं, देवांच्या उत्सवात. त्यात दानवांचा पराभव दाखवला होता. प्रेक्षकांत बसलेल्या दानवांना राग आला आणि त्यांनी नटांची वाचाच बांधून टाकली. हालचाल थिजली, पाठांतर विसरलं. मग देवांच्या शिल्प्याला बोलावणं गेलं की बाबा रे, यांना चार भिंती बांधून दे. म्हणजे आपल्याकडचं पहिलं नाट्यगृह श्रीमंतीसाठी नाही, दिमाखासाठी नाही, नटाचा आवाज वाचवण्यासाठी उभं राहिलं. कथा खरी की खोटी हे पंडितांनी बघावं. मी ती दोनदा वाचली, कारण आमच्याही घरी कोणीतरी येऊन वाचा बांधून गेलं होतं.

नियम तर एकेक असे की मी वाचनालयात एकटाच माना डोलवत बसायचो. माप हाताचं, म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. आकार तीन: लांबट, चौकोनी, त्रिकोणी. लहान, मध्यम, मोठं असे प्रकारही तीन, आणि माणसांसाठी मध्यम बरं, चौसष्ट हात लांब आणि बत्तीस हात रुंद. याहून मोठं केलंत तर नटाचा आवाज विस्कटेल आणि डोळ्यांतला भाव मागच्याला दिसणार नाही, असं स्पष्ट कारण दिलेलं. बैठका विटांच्या किंवा लाकडाच्या, एकामागे एक चढत्या. खिडक्या लहान, वारा आत खेळू नये. एकूण घडण डोंगरातल्या गुहेसारखी, म्हणजे आवाज भरदार होतो. जमीन मोजायची दोरी मजबूत हवी, मोजताना तुटली तर मोठा अपशकुन.

असली लाकडी नाट्यगृहं अर्थातच टिकली नाहीत. मध्य भारतात एका डोंगरात बाकं कोरलेली गुहा आहे, ती नाट्यगृहच होती असं काही म्हणतात, काही नाही म्हणतात. केरळात देवळांच्या आवारात लाकडी नाट्यमंडप अजून उभे आहेत. मी बायकोला एकेक वाचून दाखवायचो. ती भाजी निवडता निवडता ऐकायची आणि म्हणायची, "अहो, पण हे पनवेलमध्ये कुठे मिळणार?" हे वाक्य मला पहिल्या झटक्यात ऐकू आलं, कारण ती माझ्यासमोर बसली होती.

मिळालं ते तिच्या माहेरी. चैत्रातल्या जत्रेच्या बैठकीसाठी तिचा धाकटा भाऊ, माझा मेव्हणा, आमच्याकडे निमंत्रण द्यायला आला होता. तोच गावच्या नाटकमंडळाचा अध्यक्ष. बोलता बोलता म्हणाला की मिठागरं गेली, भराव पडला, पण मिठाचं जुनं गोदाम अजून उभं हाय, जाळी ठेवायला वापरतो. मी विचारलं, भिंती केवढ्या? त्यानं दोन्ही हात फाकवले. खिडक्या? "खिडक्या कशाला, मिठाला काय वारा लागतो?" मी त्याच आठवड्यात बायकोबरोबर टेप घेऊन गेलो.

काळ्या दगडाच्या जाड भिंती, वर मंगलोरी कौलं, छताजवळ चार झरोके. लांबी पन्नास हातांच्या आत, रुंदी तिच्या निम्म्याला थोडी कमी. मध्यम नाही, पण लहानाहून मोठं, आणि आकाराला तर अगदी गुहा. मोजायला मेव्हण्यानं नायलॉनची दोरी आणली. मी त्याला दोरी तुटण्याचा अपशकुन सांगितला तर तो हसत सुटला. "भावोजी, या दोरीवर डोलनेटचं जाळं वढतो आमी. ही तुटली तं गावच तुटंल."

मी टाळी वाजवली. आवाज भिंतीवरून नीट परतला. बायको मध्यभागी उभी राहिली, तिनं नुसतं "आई" म्हटलं, आणि तिचा चेहरा असा उजळला की मी मान दुसरीकडे वळवली. ती म्हणाली, जत्रेत मी इथं करीन, माइकशिवाय. विषय तिच्या डोक्यात तयार होता. तिची आई बंदरावर मासळीच्या लिलावाला बसायची, त्या बाईचं एकटीनं बोललेलं नाटक. लिहिलंही तिनंच.

गाव कामाला लागलं. मासळीचे प्लॅस्टिकचे क्रेट उलटे घालून त्यांवर फळ्या टाकल्या, मागे दोन क्रेट, त्यामागे तीन, अशा चढत्या बैठका झाल्या. रंगमंच सुट्या विटांचा. त्यामागे शिडाच्या जुन्या कापडाचा पडदा आणि पडद्यामागे ऐसपैस नेपथ्य. मी ते प्रेक्षकांच्या जागेच्या निम्मं ठेवा म्हणून भांडलो, पण शेवटी तिच्या पाव भागावर तडजोड झाली. जावई असल्यामुळे माझं भांडण सगळे हसून ऐकून घ्यायचे. त्या गावात जावयाचा मान मोठा. मी उभा राहिलो की कोणीतरी खुर्ची आणायचं, मी खुर्चीवर बसलो की कोणीतरी चहा आणायचं, आणि मी एखादी गोष्ट म्हटली की ती तशीच असायची.

मग आवाजाची चाचणी सुरू झाली. ती रंगमंचावर, मी मागच्या भिंतीला पाठ लावून. माझ्या एका बाजूला मेव्हणा, दुसऱ्या बाजूला त्याची बायको. माझी बायको बोलू लागली. तिचे ओठ हलताना दिसत होते, हात दिसत होता, आणि माझ्यापर्यंत येत होती फक्त कुजबुज. शब्द नव्हते. मी मेव्हण्याकडे वळलो. "येत नाहीये ना ऐकू?"

त्यानं आपल्या बायकोकडे पाहिलं. तिनं पदर सारखा केला. "नाय," तो म्हणाला. "बारीक येतं."

"वहिनी, तुम्हाला?"

"तुमी बोलताव तसंच," त्या म्हणाल्या.

झालं. मी रंगमंच चार हात पुढे घेतला. पुढच्या रविवारी परत चाचणी, परत कुजबुज, परत मेव्हण्याचं "नाय". मग मी छताखाली फळ्यांचा तक्तपोस, म्हणजे आतून लाकडी छत, मारायला लावला, आवाज वर हरवू नये म्हणून. तरी नाही. रंगमंच आणखी पुढे. मी मागून ओरडायचो, "थोडं मोठ्यानं!" आणि ती मोठ्यानं बोलायचा प्रयत्न करायची. तिच्या गळ्यावरची शीर मला शेवटच्या भिंतीपासून दिसायची. आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी नेमकं हेच करू नका म्हणून सांगितलं होतं, ते मला माहीत होतं. पण आणखी थोडंसं, एवढंच, असं मी म्हणत राहिलो. घरी येईपर्यंत तिचा आवाज पार बसलेला असायचा.

जत्रा जवळ आली तेव्हा मी शेवटचा उपाय सांगितला: गोदामाच्या मध्यावर ताडपत्रीची भिंत घाला, पुढचा भाग तेवढा ठेवा, अर्धेच प्रेक्षक घ्या. जुन्या लोकांनीही लहान नाट्यगृह सांगितलंच आहे.

मेव्हणा पहिल्यांदाच हसला नाही. त्या गावात नाटकाला तिकीट नसतं. घरटी एक पाट असतो. प्रत्येक घरानं आपला पाट किंवा चटई आणून आपल्या ठरलेल्या जागी टाकायची, आजोबांनी टाकली तिथंच नातवानं टाकायची. एखाद्या घराला जागा नाही म्हणणं म्हणजे त्या घराला गावाबाहेर काढणं. तो म्हणाला, "भावोजी, अर्धा गाव भायेर कसा ठेवायचा? कंच्या अर्ध्याला सांगू, तुमी येऊ नका?"

"मग मागच्या अर्ध्याला नुसते ओठ हलताना दाखवणार आहेस?" मी चिडून म्हणालो.

बायको रंगमंचाच्या कडेला बसली होती. ती उठली, चपला घातल्या आणि भावाला म्हणाली, "नको करूस काही. मी नाही करत. मागच्या भिंतीपर्यंत पोचत नाही तर कशाला लोकांना बसवायचं? दुसरं काहीतरी ठेव." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही खूप केलंत."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. परतीच्या वाटेवर मी काहीबाही बोलत राहिलो, फळ्या, झरोके, मध्यम, लहान. ती खिडकीबाहेर कंटेनरच्या रांगा पाहत होती. मला त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा सगळ्या प्लॅनांचा, सगळ्या मापांचा तिटकारा आला. एवढी अक्कल वापरून मी तिला पुन्हा एकदा मंचावरून उतरवलं होतं.

दोन दिवसांनी मेव्हण्याचा फोन आला. तो तिच्याशीच बोलला. काय बोलला ते तिनं मला सांगितलं नाही, फोन ठेवून एवढंच म्हणाली, "मी करते. ताडपत्री नको. सगळा गाव बसू दे. पोचलं तर पोचलं." तक्तपोस राहिला, रंगमंच मूळ जागी गेला.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर नाटक होतं. पाट आले, चटया आल्या, तान्ही पोरं आली, एका घरानं सोफ्याची गादीच आणली. जावई म्हणून मला पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली होती, तिच्यावर शालही. मी हात जोडून नको म्हटलं आणि मागच्या भिंतीला जाऊन उभा राहिलो. दुसरीकडे कुठं उभं राहणं मला जमलंच नसतं.

पडदा सरकला. डोक्यावर टोपली घेऊन ती आली, टोपली उतरवली, बसली आणि बोलू लागली. मला ऐकू आलं नाही. एकही शब्द नाही. गोदामात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता होती, आणि तरी मला फक्त तिचे ओठ दिसत होते. आता मागचे लोक चुळबुळतील, पोरं रडतील, कोणीतरी "मोठ्यानं बोल गो" म्हणून हाळी देईल, आणि ती त्या गणपतीतल्यासारखी नमस्कार करून उतरेल. मी मनात म्हणत होतो, ताडपत्री घालायला हवी होती, भांडून घालायला हवी होती.

तेवढ्यात हशा पिकला. पुढून नव्हे, माझ्या अगदी समोरच्या शेवटच्या रांगेतून. मला वाटलं, पुढच्यांना पाहून हसले असतील. पण पुढचे मागाहून हसले. थोड्या वेळानं पुन्हा. मग एका जागी कोणीच हसलं नाही, आणि माझ्यासमोर पाटावर बसलेल्या एका म्हाताऱ्या कोळणीनं नाकाला पदर लावला. तिच्या शेजारणीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. मी वाकून त्या म्हातारीला विचारलं, "आजी, तुम्हाला ऐकू येतंय?"

तिनं मागे वळून न पाहताच माझ्या हातावर फटका मारला. "गप रावा, आयकू द्या."

मी सरळ झालो. एकदा या टोकाला गेलो, एकदा त्या टोकाला. दोन्हीकडच्या माणसांचे चेहरे पाहिले. सगळ्यांना ऐकू येत होतं. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यांना, पोरांना, दाराशी उभ्या असलेल्या चहावाल्याला. गोदामात एकटा मीच होतो ज्याला येत नव्हतं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. मी तर ऐकता येईना म्हणून गोदाम कापायला निघालो होतो.

टाळ्या मात्र ऐकू आल्या. गोदाम दणाणलं. बायका उठून तिच्याकडे धावल्या आणि मी मेव्हण्याला दाराबाहेर गाठलं. "चाचणीला तुला ऐकू येत होतं?"

तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागला. एवढा दांडगा माणूस, समुद्रावर वादळात होडी काढणारा.

"खरं सांग."

"येत होतं. सगळं येत होतं."

"आणि वहिनींना?"

"तिला पन."

"मग नाही कशाला म्हणालास?"

"तुमी बोलताव, येत नाय. मी कसा बोलू, येतंय? जावयाला तोंडावर सांगायचं का, भावोजी, तुमच्या कानाला जालंय म्हनून?" आणि मग खाली बघत, "फोनवर मी ताईला यवढंच बोल्लो, मला येतंय, तू कर. तुमचं नाय बोल्लो."

मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आलं की माणूस फार वाईट दिसतो. तो घाबरून वहिनींना हाका मारायला लागला.

तेवढ्यात ती आली. लिलाववालीच्या लुगड्यातच, गाल लाल, कपाळावर घाम. ती सरळ माझ्याकडे आली, कारण इतकी वर्षं प्रत्येक प्रयोगानंतर ती आधी मागच्या रांगेतल्या माणसाला विचारत आली आहे. "पोचलं?"

हो म्हणून टाकणं सोपं होतं. मेव्हण्यानं तशी खूणही केली.

"सगळ्यांपर्यंत पोचलं," मी म्हणालो. "मला एकट्याला नाही आलं. तुझा आवाज ठीक आहे गं. माझे कान गेलेत."

तिला ते चटकन कळलं नाही. मग कळलं. ती चाचण्यांबद्दल काही बोलली नाही, त्या ओरडण्याबद्दल नाही, बसलेल्या गळ्याबद्दल नाही. ती माझ्या अगदी जवळ येऊन म्हणाली, "म्हणजे घरी तुम्हाला ऐकू येत नव्हतं? मला वाटायचं, माझंच काही बाहेर पडत नाही. म्हणून मी बोलायचं सोडलं हो तुमच्याशी. दोन वर्षं."

दोन वर्षं ती एका खोलीत आणि मी दुसऱ्या खोलीत, आणि मी वाचनालयातून जुन्या नाट्यगृहांची मापं आणत होतो. वहिनींनी चहा आणला, मेव्हण्यानं दोन क्रेट उलटे करून ठेवले. तिनं आपला क्रेट उचलला, माझ्या अगदी समोर आणून टेकवला आणि बसली. आत लोक पाट-चटया उचलत होते, बाहेर पोरं तिला बोलवत होती. तिनं त्यांना हातानं थांबायला सांगितलं आणि ऑपरेशनच्या दिवशी, आत नेण्याआधी ती मला हळूच काय म्हणाली होती, जे मला ऐकूच आलं नव्हतं, तिथून सांगायला सुरुवात केली.